दस्तीखाली ठरलेलं

शब्बीरमामूंचा चेहरा आता मला नीट आठवत नाही. दाढीला मेंदी लावायचे की दाढी पांढरीच होती, यावर माझा आणि माझ्या बायकोचा अजून वाद होतो. पण त्यांचा उजवा हात मी बाजारभरच्या हातांतून, डोळे बांधून ओळखीन. तसाही तो हात मी डोळ्यांनी कमीच पाहिला. तो कायम दस्तीखाली असायचा.

मामू परतूरजवळच्या आष्टीच्या बैलबाजारातले दलाल. आमच्याकडे जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल खांद्यावरची दस्ती, म्हणजे तो मोठा चौकड्यांचा रुमाल, समोरच्याच्या हातावर टाकतो आणि तिच्याखाली बोटं बोलायला लागतात. कोणतं बोट धरलं, किती दाबलं, तळव्यावर रेघ ओढली की नुसतं टोचलं, या सगळ्याला अर्थ असतो. भोवती गर्दी असते, पण तिला दोन गप्प चेहऱ्यांपलीकडे काही दिसत नाही. पंजा घट्ट धरला की सौदा झाला. मग दलाल तीच दस्ती जनावराच्या शिंगाला बांधतो. ती बांधली की दुसऱ्या कोणी त्या जनावराला हात लावायचा नाही. घेणारा येतो, दस्ती सोडतो आणि जनावर घेऊन जातो. आणखी दोन नियम आहेत. बोलणी चालू असताना जो आधी हात सोडील, त्यानं सौदा मोडला. आणि दस्तीखाली जे ठरलं ते तोंडानं कोणाला सांगायचं नाही.

या शेवटच्या नियमापायी माझं दार गेलं. मामूंनी घालवलं असं मी म्हणतो. आष्टीची माणसं म्हणतात, तुझं तूच घालवलंस. खरं काय ते मला आजही छातीठोक सांगता येत नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

माझा धंदा जुन्या लाकडाचा. कुठे इमारत पडली, पाडली, की तिथल्या तुळया, वासे, चौकटी, दारं घ्यायची आणि जुन्या जालन्यातल्या माझ्या वखारीत आणून विकायची. सुरुवात हातगाडीवर मोडक्या खिडक्या विकून केली. पाठीशी कोणी नव्हतं, तोंड तेवढं होतं. माल कितीही चांगला असो, मी तो असा काही खाली पाडायचो की विकणाऱ्यालाच लाज वाटावी. आवाज चढवायचो, उठून चालू लागायचो, वळून परत यायचो.

एकदा आष्टीला बाजाराच्या दिवशी एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या तुळयांवरून मी आणि मालक असेच एकमेकांच्या अंगावर जात होतो. शेजारी बैलबाजार भरला होता. तिकडून एक उंचच उंच म्हातारा माणूस हातात कासरा धरून आला आणि मला म्हणाला, “कायकू ओरडून राह्यला बाबा? तिकडं माझा बैल बिथरला ना!”

मी म्हणालो, “तुमचा बैल तुम्ही सांभाळा, माझा सौदा मला करू द्या.”

“ह्याला सौदा म्हणतो तू? मला वाटलं, कोणी मेलं.”

जिनिंगचा मालक हसला. मी चिडलो. तेवढ्यात त्या माणसानं, म्हणजे शब्बीरमामूंनी, कासरा माझ्या हातात दिला, खिशातून मूठभर फुटाणे काढून मालकाच्या हातावर ठेवले, आणि तो चावू लागताच त्याच्या दुसऱ्या हातावर दस्ती टाकली. मी बैल धरून उभा. थोड्या वेळानं मामूंनी पंजा दाबला आणि म्हणाले, “घेऊन जा तुळया.” जो भाव निघाला तो मी तोंडानं सात जन्मांत काढला नसता.

“फुटाणे कशाला?” मी विचारलं.

“फुटाणे चावताना माणूस खोटं बोलत न्हाई. ठसका लागतो.”

त्या दिवसापासून मोठा माल घ्यायचा असला की मी मामूंना बरोबर न्यायला लागलो. जनावराच्या दलालाला लाकडातलं काय कळतं, म्हणून वखारीतले हमाल हसायचे. मामूंना लाकडातलं खरंच फार कळत नव्हतं. ते दाराकडे बैल पारखावा तसं बघायचे. आधी हात न लावता एक फेरी मारायची. मग थाप. मग वास. मग दूर जाऊन दाराकडे पाठ करून बसायचं. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, “माल आपल्याकडं बघून राह्यला का, ते बघतो.”

“दार कसं बघेल?”

“मंग पाठ कायकू गरम लागते?”

असलं बोलणं मी हसण्यावारी न्यायचो. मला मात्र त्यांची एक खोड अगदी सहन व्हायची नाही. मी विकणाऱ्यासमोर म्हणायचो, “हे तर किडलेलं आहे, जाळायच्या लायकीचं.” आणि मामू त्याच माणसासमोर, शांतपणे म्हणायचे, “किडलं न्हाई. बिलकुल चांगलं हाय. पण आपल्याला स्वस्तात पाहिजे.” मी मनातल्या मनात त्यांचा गळा दाबायचो. आणि गंमत म्हणजे माल स्वस्तात मिळायचा.

वासराची गोष्ट सांगायलाच हवी. आष्टीच्याच बाजारात एका माणसाला एक दुभती गाय घ्यायची होती. घाईत होता, त्याची एस.टी. सुटायची होती. मामूंनी त्याच्या हातावर दस्ती टाकली, आणि त्याच वेळी गाईचं वासरू प्यायला लागलं. मामू थांबले. बोट नाही, रेघ नाही. नुसता हात हातात धरून ठेवला. तो माणूस चुळबुळ करायला लागला. “अहो चाचा, बोला ना!”

“वासरू पिऊ दे. मंग बोलू.”

“वासराचा काय संबंध? मी गाय घेतोय.”

मामू वासराकडे बघत राहिले. त्या माणसाला हात सोडता येईना, सोडला तर सौदा त्यानं मोडल्यासारखा. घाम फुटला त्याला. एस.टी. डोळ्यांदेखत गेली. वासराचं पोट भरलं, ते बाजूला झालं, तेव्हा कुठे मामूंची बोटं हलली.

परत येताना मी विचारलं, “मामू, तुम्ही घेणाऱ्याचे दलाल का विकणाऱ्याचे?”

“मधल्याचा.”

“मधला कोण?”

त्यांनी माझ्या हातावर फुटाणे ठेवले. खोटं बोलू नये म्हणून, की बोलूच नये म्हणून, कोण जाणे.

आता दाराची गोष्ट.

सगळ्या जालन्याला मी दारं विकली, पण माझ्या स्वतःच्या खोलीला पत्रा होता. दोन खिळ्यांवर टेकवायचा आणि सकाळी बाजूला करायचा. बायको म्हणायची, “गावाला दारं इकता, आन आपल्या घरात कुत्रं शिरतंय.” चार पैसे हाती आले तेव्हा मी जुन्या जालन्यात घर बांधायला काढलं आणि ठरवलं, या घराला असं दार लावीन की गल्लीतून जाणारा थांबला पाहिजे.

त्याच सुमारास धंद्यातून ओळख झालेल्या कोकणातल्या एका ठेकेदाराकडून बातमी कळली. किनाऱ्यापासून थोडं आत, समुद्रात एक लहानसं बेट आहे. त्यावर जुनं दीपगृह आणि ते सांभाळणाऱ्या माणसांची घरं. नवा दिवा दुसऱ्या खडकावर बांधल्यावर ही वस्ती ओस पडली. घरांच्या लाकडाचा ठेका त्याच्याकडे आहे. मोठ्या घराला दोन झडपांचं बर्मा सागवानाचं दार आहे, पितळी बिजागऱ्यांचं. “पण पावसाळ्याच्या आत उचला,” तो म्हणाला. “मग होडी जात नाही. आणि माझी मुदतही संपते.”

मी दार न बघताच घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा न बघता. घराच्या भिंतीत त्याच मापाची जागा सोडायला गवंड्याला सांगितलं आणि दोन हमाल आणि मामूंना घेऊन निघालो. मामू नको म्हणत होते. “सौदा तर तू केला. मी कायकू?” मी म्हणालो, “तिथं कोणी आडवा आला तर?” आष्टीचा माणूस; माझ्यासारखा त्यांनीही समुद्र पाहिलेला नव्हता.

मीटरगेजची गाडी, मग एस.टी. बदलत बदलत आम्ही किनाऱ्याला पोहोचलो. मामू पाण्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “ह्याचा धनी कोण?”

होडीत त्यांनी नावाड्याचं मनगट धरलं ते सोडेचनात. नावाडी वैतागला, “चाचानू, हात सोडा मरे, मी वल्हवू कसो?” मामू डोळे मिटून म्हणाले, “सोडला तर सौदा मोडतो बाबा.” कसला सौदा, कोणाशी, कोण जाणे.

बेट जालन्याच्या मोती तलावाएवढंही नसेल. वर दिव्याविना उरलेला मनोरा, पाण्याची फुटकी टाकी, ओळीनं दगडी घरं. निम्म्यांची छपरं बसलेली. आणि पक्षी. आमची होडी टेकली तसे ते असे उठले की आष्टीचा बाजार आभाळात भरलाय असं वाटलं. काळसर पाठीचे, पांढऱ्या पोटाचे, लांब शेपटीचे. डोक्यावर झेपावून टोचायचे. त्या गोंगाटातून एक खाकी कपड्यातला माणूस रणरणत्या उन्हात छत्री उघडून आमच्याकडे आला.

“कोण तुम्ही? कुठले?”

“जालन्याचे,” मी म्हणालो.

त्याची छत्री खालीच आली. “जालना? आवो, मी धावड्याचा! भोकरदन तालुका! खरात माझं नाव.” आणि एक पक्षी डोक्यावर चोच मारून गेला तरी तो हसतच राहिला. “जवळ भाकर हाय का हो? ज्वारीची?”

पक्ष्यांना त्रास देऊ नये म्हणून नवा कायदा आला होता आणि त्यासाठी वनखात्यानं खरातला बेटावर ठेवलं होतं. समुद्र न पाहिलेला, पोहता न येणारा, मासळीच्या वासानं मळमळणारा माणूस. गावात म्हातारी आई एकटी. बाप गेला तेव्हा खबर पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. हे त्यानं आम्हाला पहिल्या काही मिनिटांतच सांगून टाकलं. मामूंनी त्याच्या हातावर फुटाणे ठेवले. खरात ते एकेक करून खात होता, संपू नयेत म्हणून. मी मनात म्हटलं, बाबूसेठ, काम झालं. चौकीदार आपल्याच जिल्ह्याचा निघाला.

पहिल्या दिवशी पलीकडच्या पडक्या घरांचे वासे काढले. तिथे पक्षी नव्हते, खरातनं हरकत घेतली नाही. हमालांनी वासे खाली वाळूत नेले आणि एका खडकाच्या सावलीत छान रचून ठेवले. आमच्याकडे उन्हाळ्यात नदीचं पात्र म्हणजे हक्काची जागा. कुंडलिकेच्या वाळूत आम्ही लाकूड रचतो, बैलगाड्या सोडतो. कोरडी वाळू दिसली की मराठवाड्याच्या माणसाला ती गोदामच वाटते. आम्ही वर जेवायला बसलो. खाली आलो तर खडकच दिसेना. आणि आमचे वासे लांब पाण्यावर एकामागून एक चालले होते, वरातीसारखे.

मी खरातवर ओरडलो, “तुला ठाऊक होतं ना पाणी चढतं म्हणून? सांगता आलं नाही?”

तो ओशाळून म्हणाला, “मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असंल. माझी ट्रंक अशीच गेल्ती, आल्या आल्या. तिच्यात बापाचा फोटो व्हता.”

मामू वाहत जाणाऱ्या वाशांकडे बघत म्हणाले, “फेरी न मारता, थाप न मारता माल घेऊन गेला. धनी मोठा दिसतो.” हमाल हसले. मी नाही हसलो.

दुसऱ्या दिवशी मोठ्या घराकडे गेलो. ते दार मी पाहिलं आणि, खरं सांगतो, माझं तोंड बंद झालं. इतकी वर्षं दारांचा धंदा करतोय. पण खारा वारा आणि ऊन खाऊनही ज्याची फळी कुठे उकललेली नाही, असं लाकूड मी पाहिलं नव्हतं. बोटानं ठोकलं तर आतून भरलेला आवाज आला. पितळ हिरवं झालं होतं, पण कडी हलवली तर हलली. मी पहिल्यांदाच एका मालाला नावं ठेवली नाहीत. हमालाला म्हणालो, “पहार आण.”

“शेठ,” खरात मागून म्हणाला, “ह्या खोलीला हात न्हाई लावायचा.”

त्यानं एक झडप हळूच ढकलली. आत छप्पर नव्हतं. जमिनीवर, कोनाड्यांत, पडलेल्या कौलांच्या आडोशाला सगळीकडे अंडी आणि राखाडी पिल्लं. काही पिल्लं इतकी दगडासारखी की चोच उघडली तेव्हाच कळलं. चौकट दगडी भिंतीत बसवलेली. ती काढायची म्हणजे भिंत फोडायची, आणि भिंत आत पडणार.

“मी विकत घेतलंय हे दार,” मी म्हणालो.

“दार घेतलं असंल. पिल्लं न्हाई घेतली.”

“मग उचल आणि ठेव बाजूला!”

“जागा हलली की माय वळखत न्हाई शेठ. उडू द्या त्येंला. मंग न्या.”

“कधी उडतील?”

“पावसाळ्यात.”

“पावसाळ्यात होडी येत नाही! तोवर ठेकेदाराची मुदत संपते!”

खरातनं झडप पुन्हा हळूच ओढून घेतली. मी बोललो. पुष्कळ बोललो. जिल्ह्याचा म्हणून भाकर मागतोस आणि पाखरासाठी जिल्ह्याच्या माणसाला आडवतोस, असंही बोललो. तो म्हणाला, “जिल्हा तिकडं ऱ्हायला शेठ. इथं मी ड्युटीवर हाय.” मी हमालाच्या हातातली पहार घेतली. खरात दारात आडवा उभा राहिला. त्याच्या हातात फक्त छत्री होती. मी पहार उचलली असती का? रागात मी काय केलं असतं, ते मलाही सांगता येत नाही.

तेवढ्यात मामू आले. त्यांनी दाराभोवती फेरी मारली नाही, थाप मारली नाही. सरळ उंबऱ्यावर बसले. खरातला खाली बसवलं आणि त्याच्या हातावर दस्ती टाकली.

आम्ही बघत राहिलो. दस्ती हलत होती. म्हणजे बोटं बोलत होती. पण काय बोलत होती? खरातला पैसे द्यायचे नव्हते, घ्यायचे नव्हते. विकायला त्याच्याकडे काही नव्हतं. मग या दोघांच्यात भाव कसला चालला होता? खरात धावड्याचा, बाजारातली बोटं त्याला लहानपणापासून कळत असणार. तो आधी हसला. मग मान हलवून नाही म्हणाला. मग बराच वेळ समुद्राकडे बघत राहिला. एकदा आतलं पिल्लू ओरडलं तेव्हा मामूंचा हात तसाच थांबला, वासराच्या वेळी थांबला होता तसा. पक्षी मामूंच्या टोपीला टोचत होते. शेवटी दस्तीखाली पंजा आवळला गेला.

मामू उठले. “सौदा झाला. चल बाबूसेठ.”

“काय झाला? दार कधी न्यायचं?”

“दस्तीखाली ठरलं.”

“अहो, पण माल माझा आहे!”

“तू मला दलाल म्हणून आणलं का न्हाई?”

हा प्रश्न विचारला की आमच्या धंद्यात बोलणं संपतं. दलालानं पंजा दाबला की धनी बांधला जातो. हा शब्द मोडला तर आष्टीच काय, परतूर, भोकरदन, कुठल्याच बाजारात माझ्या हातावर कोणी दस्ती टाकली नसती. मी पहार खाली ठेवली. दातओठ खात, पण ठेवली. मामूंचा हात माझ्या नुकसानीत कधी आवळला गेला नाही, एवढीच खात्री घेऊन होडीत बसलो. मामू मागून एकटेच आले. त्यांच्या खांद्यावर दस्ती नव्हती. वाऱ्यानं गेली असेल, असं मला वाटलं.

पावसाळाभर माझ्या नव्या घराला भिंतीत मोठं भगदाड होतं आणि त्यावर गोणपाट. गल्लीतली माणसं खरंच थांबायची, हसायला. पाऊस संपला तसा मी मामूंकडे गेलो. घरी नव्हते. त्यांची सून म्हणाली, धावड्याला गेलेत. पुन्हा गेलो, तरी धावड्याला. धावड्यात मामूंचं ना नातं ना बाजार. पुढे कळलं, ते खरातच्या आईकडे जायचे. ज्वारी पोचवायचे, तिचं छप्पर शाकारून दिलं, दवाखान्यात नेलं. पण तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. मी भडकलो आणि एकटाच बेटावर गेलो.

तिथे खरात नव्हता. दुसरा चौकीदार होता, किनाऱ्यावरचा. तो म्हणाला, “खरात वेडा होता. पावसाळ्यात इथं कोणी राहत नाही, आम्हीही किनाऱ्यावर जातो. तो राहिला. खालच्या टाकीजवळच्या खोलीत, तांदळाचं पोतं घेऊन. शेवटी तापानं फणफणला तेव्हा पहिल्या होडीनं नेला. आता बदली झाली म्हणतात.”

मी मोठ्या घराकडे धावलो. दार होतं! खोली रिकामी होती. अंड्यांची टरफलं आणि पिसं तेवढी. आणि दाराच्या पितळी कडीला मामूंची दस्ती बांधलेली होती. मिठानं कडक झालेली, रंग उडालेली, पण गाठ पक्की.

म्हणजे दार विकलं गेलं होतं. कोणाला? मला? मग मला सांगितलं का नाही? की विकायचं नाही म्हणून बांधली होती? दुसऱ्यानं हात लावू नये म्हणून; पण तो दुसरा कोण, मीच की काय? नवा चौकीदार म्हणाला, मुदत संपलीय, आता इथली काडी हलवायची नाही. किनाऱ्यावर ठेकेदारानंही खांदे उडवले. मला काही सुचेना. मी त्या गाठीशी झोंबलो, दातांनी सोडवली, दस्ती पिशवीत कोंबली आणि दार तिथेच सोडून आलो.

आष्टीच्या भर बाजारात मी ती दस्ती मामूंसमोर टाकली. सगळी माणसं गोळा झाली. मी म्हणालो, “हा तुमचा सौदा! माझं दार गेलं!”

मामूंनी दस्ती उचलली, झटकली. “खोली रिकामी होती?”

“रिकामी होती! टरफलं होती!”

“फुटलेली का उघडलेली?”

“मला काय ठाऊक! मी दाराचं विचारतोय!”

त्यांनी दस्तीच्या कोपऱ्याला राहिलेला गाठीचा पीळ बोटानं सरळ केला. मग फार हळू विचारलं, “बाबूसेठ, तू सोडली ही?”

“मीच सोडली.”

“सोडली, आन माल सोडून आला?”

बाजारातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की शिंगाची दस्ती सोडून जनावर तिथेच टाकून जाणं म्हणजे घेणाऱ्यानंच सौदा मोडणं. मी ओरडलो की सरकारनं नेऊ दिलं नाही, मुदत संपली, मी एकट्यानं काय डोक्यावर घेऊन येणार होतो? सगळं खरं होतं. पण कोणी माझ्याकडे बघेना. आणि मामूंनी खिशात हात घालून फुटाणे काढले, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खिशात ठेवले.

त्यानंतर ते माझ्याबरोबर कधी आले नाहीत. मीही बोलावलं नाही.

मी याचा हिशेब पुष्कळदा लावून पाहिला. खरातनं पावसाळाभर राहायचं आणि मामूंनी त्याच्या आईकडे बघायचं, एवढं ठरलं असावं, हे आता मलाही दिसतं. पण खरात पिल्लांसाठी राहिला की दारासाठी? दारासाठी राहिला असेल, तर मी त्या गाठीवरून एवढं का भडकलो? आणि पिल्लांसाठी राहिला असेल, तर माझ्या धंद्यात, माझ्या खर्चानं, माझाच दलाल पाखरांच्या बाजूनं बसला, हा न्याय झाला का? कोणी मला पटवून द्यावं. घराला मी शेवटी बाजारातलं साधं दार लावलं. भगदाड बुजवून, लहान करून. ते पावसाळ्यात फुगतं. खांदा लावून उघडावं लागतं, आणि दर वेळी मला ती दगडासारखी पिल्लं आठवतात. मला ती आठवायची नसतात.

मामूंना शेवटचं पाहिलं ते आष्टीच्या एस.टी. स्टँडवर. फार वाळले होते. लेकीकडे परभणीला चालले होते, बरोबर पत्र्याची पेटी. ते गाडीत खिडकीशी बसले होते, मी खाली उभा. खांद्यावर तीच दस्ती होती, धुवून धुवून पांढरट झालेली.

“घराला दार लागलं का, बाबूसेठ?”

“लागलं. फुगतं.”

“लाकूड हाय. पाणी पिणारच.”

मी विचारायचं ठरवलं नव्हतं. पण विचारलं, “मामू, आता तरी सांगा. काय ठरलं होतं?”

त्यांनी खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला, माझा हात धरला आणि वर दस्ती टाकली. मी वाट बघत राहिलो. बोट नाही, रेघ नाही. वासरू पीत होतं तेव्हा धरला होता तसा नुसता हात. मी त्यांचं एक बोट दाबलं. मग दुसरं. काय विचारत होतो ते मलाच कळत नव्हतं. असल्या प्रश्नाला आमच्या बाजारात बोट नाही. मामू समोर बघत होते. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली, मी तिच्याबरोबर चालायला लागलो, मग भरभर, मग थोडं पळालो. मागून कोणीतरी ओरडलं, “ओ शेठ, पडताल ना!”

गाडी परभणीच्या रस्त्याला वळली तोवर दस्ती खिडकीबाहेर फडफडताना दिसत होती. हात कोणाचा आधी सुटला, ते तिच्याखाली झालं. मला दिसलं नाही.